तिरपा काप

माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडे बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच आमचा घरमालक निघाला. बारामतीत कॉलेजला आले तेव्हा कालव्याच्या पलीकडे त्यांच्या नर्सरीतली एक खोली मी आणि माझी मैत्रीण बघायला गेलो होतो. सोबत माझे वडील, बावड्याहून पहिल्या एसटीनं आलेले. घरमालक रोपांच्या पिशव्यांमध्ये उकिडवे बसले होते. डोक्याला पांढरी टोपी आणि टोपीच्या घडीत कलमाचा चाकू खोचलेला. त्यांनी मान वर केलीच नाही. आमच्या तिघांच्या चपला सावकाश बघून घेतल्या आणि माझ्या चपलेकडे बोट केलं.

"हिची टाच आतनं झिजलीया," ते म्हणाले. "ही पोरगी आतल्या आत लई चालती."

"म्हंजी काय वो?" वडिलांनी विचारलं.

"म्हंजी खोली दिली."

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. छापलेलं कळलं तर त्यांच्या सुना मला फोन करून आणखी दहा गोष्टी सांगतील, आणि त्या सगळ्या खऱ्या असतील. आख्खी आळी त्यांना तात्या म्हणायची, त्यांच्या बायकोला काकी. आम्हीही तेच म्हणायचो.

तात्यांचा जगाकडे जायचा रस्ता खालून वर होता. मेथीची जुडी हातात घेतली की आधी मुळं. पेपर शेवटच्या पानाच्या तळातून सुरू. जेवायला बसले की आधी ताक. लग्नाला गेले की नवरदेवाचं तोंड न बघता बूट बघून यायचे आणि काकींना सांगायचे, "बूट मागून आणल्यालं हायत." एसटीची पाटी ते कधी वाचत नसत, टायर वाचायचे. एकदा इंदापूरला जायला निघाले. स्टँडवर एका गाडीच्या टायरला काळी माती दिसली. काळी माती म्हणजे भीमाकाठ, भीमाकाठ म्हणजे इंदापूर, असा हिशेब लावून ते खिडकीशी बसले आणि झोपले. जाग आली ती मोरगावात. उतरून दर्शन घेतलं, देवळाबाहेर चहा प्याले आणि परतीच्या गाडीनं अंधार पडायच्या आत घरी आले.

"चुकला ना?" काकी म्हणाल्या.

"म्या कशाला चुकतोय? गाडीच कुठनं तरी शेण खाऊन आली हुती."

चुकलो हा शब्द त्यांच्या तोंडात बसतच नसे. बढाया मात्र भरपूर. आंब्याच्या खुंटावर पेरूचं कलम धरेल, हा त्यांचा एक लाडका सिद्धान्त होता. आंब्यावर पेरू येत नाही हे नर्सरीत पाणी घालणाऱ्या बाईलाही माहीत होतं. तात्यांनी तरी बांधलं. वाळलं. परत बांधलं. परत वाळलं. तिसऱ्या खेपेला काडी काळी पडली तेव्हा त्यांनी ती उपटून कालव्यात सोडली आणि जाहीर केलं, की बारामतीची हवा खराब झालीय.

पण आंब्यावर आंबा बांधायला त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता, हे त्यांचे भाऊबंदसुद्धा कबूल करायचे, आणि भाऊबंद सहसा काही कबूल करत नाहीत. गावठी कोयीचं रोप वाढवायचं, त्याला खुंट म्हणायचं. खुंटाचा शेंडा उडवून तिथं एक तिरपा काप घ्यायचा. वरच्या चांगल्या जातीच्या काडीलाही तसाच तिरपा काप. दोन्ही काप एकमेकांना टेकवायचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायचे. वर केशर, खाली गावठी. पुढं खुंटाला बुडातून फूट यायची, ती तात्या रोज खुडून टाकायचे. आणि एखाद्या सकाळी बांधलेल्या काडीवर तांबूस पालवी दिसली की तिच्यापुढं उकिडवं बसून एकच शब्द बोलायचे, "धरलं."

एवढंच. शाबासकीचा त्यांच्याकडे एवढा एकच शब्द होता आणि तो कलमासाठी राखून ठेवलेला होता. पोरगा ग्रॅज्युएट झाला तेव्हा तो मिळाला नाही. दुसऱ्या सुनेनं घरात शिलाईचं दुकान टाकलं तेव्हाही नाही. नातू झाला त्या दिवशी दवाखान्यात त्याचे तळवे बघून ते हा शब्द पुटपुटले, असं काकी सांगायच्या, पण त्याला साक्षीदार त्या एकट्याच.

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर नाही. बावड्याला आमच्या गोठ्यात वैरण कापायचं कडबा कुट्टीचं मशीन होतं. दहावीच्या सुट्टीत एक पेंढी आत अडकली, मी ती ओढायला गेले, आणि झालं. दुखायचं थांबलं, पण आईनं मनाला लावून घेतलेलं थांबलं नाही. कुठं जायचं असलं की ती दारातच माझा डावा हात पदराखाली सारायची. "झाकून बस," एवढंच म्हणायची. बघायला पाहुणे यायला अजून वेळ होता, पण आईच्या डोक्यात ते रोजच येऊन बसलेले असायचे. आणि खरं सांगायचं तर मलाही झाकायची सवय लागली होती. बारामतीत आले ती हात ओढणीत गुंडाळूनच. मैत्रिणीला महिनाभर कळलं नव्हतं.

तात्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मी नळावर बादली धरून उभी होते. त्यांनी माझा हात काडी धरावी तसा चिमटीत धरला आणि बोट उलटसुलट करून बघितलं.

"काप सरळ हाय," ते म्हणाले. "भरलाय बी चांगला. कुणी केला?"

"कडबा कुट्टीनं."

"यंत्राला बी कदीमदी जमतं म्हनायचं."

मला हसू फुटलं. त्या बोटावरून मी त्याआधी कधी हसले नव्हते. तात्या मात्र गंभीर होते. त्यांनी खरोखरच कारागिरी तपासली होती.

गिटार त्यांच्या बियाण्याच्या खोलीत लसणाच्या गड्ड्यांशेजारी टांगलेली होती. तिची कथा त्यांनी मला निदान पाच प्रकारे सांगितली. सगळ्यांत समान भाग असा: तरुणपणी जत्रेत एक ऑर्केस्ट्रा आला होता. तात्या स्टेजच्या सजावटीला झेंडूची पोती घेऊन गेले. तेवढ्यात खालचे सूर वाजवणारा, म्हणजे बेस गिटारवाला, जत्रेतली भजी खाऊन आडवा झाला. मालक डोकं धरून बसला. तात्या म्हणाले, मला येतं. येत काहीच नव्हतं. मग पडद्याच्या सावलीत उभं राहून त्यांनी आख्खा कार्यक्रम एकच तार हळूच छेडत काढला.

"कुनाला कळलं न्हाय?" मी विचारलं.

"खालचा सूर हाय का न्हाय, ते कुनालाच कळत न्हाय. नसला की मातर समद्यांस्नी चुकल्यावानी वाटतं. ध्यानात ठिव."

मग ते त्या ऑर्केस्ट्राबरोबर तीन वर्षं फिरले. गोव्यापर्यंत गेले. येताना ही साधी गिटार घेऊन आले.

"तीन वर्सं?" आतून काकींचा आवाज आला. "तीन म्हैनं. आन गोवा न्हाय, कोल्हापूर."

त्या दिवसांतून तात्यांनी एक खोड मात्र कायमची घरी आणली होती. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असायचं. तात्या गाणं म्हणत नसत. सगळे वरची ओळ म्हणायचे आणि तात्या कोपऱ्यात बसून खाली एक जाडसर हुंकार धरायचे. तोही एका जागी ठेवतील तर शपथ. सगळे त्याच सुरावर थांबलेले असताना हे खालच्या खाली जागा बदलायचे. पेटी वाजवणारे आबा एकदा चिडले. त्यांनी भाता बंद केला.

"अहो तात्या, सूर एक धरा की. आमचा सूर हलतोय."

"तुमचा हाय तितंच हाय, आबा. म्या फक्त त्याच्याखालची फरशी बदलली."

"पन कशाला?"

"बगा की, चव बदलली का न्हाय?"

चव बदलायची हे खरं होतं. तीच ओळ, तोच सूर, आणि खाली तात्या एक पायरी उतरले की अंगावर काटा यायचा. पण आबांना हे कबूल करायचं नव्हतं. पुढच्या शनिवारी तात्यांना देवळाच्या बाहेर, कट्ट्यावर जागा मिळाली. ते तिथून हुंकार देऊ लागले. बाहेरून तो आणखी घुमायचा.

कॉलेजात आमचं समूहगानाचं मंडळ होतं. मी कोरसमध्ये. आमच्यातला गिटार वाजवणारा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला निघून गेला आणि थंडीत इंदापूरला कॉलेजांची समूहगान स्पर्धा ठरली. गाणं आमच्याच वर्गातल्या एकानं लिहिलेलं. धरणातलं पाणी पाटात, पाटातलं सरीत, सरीतलं मुळाशी जातं, असं काहीसं. चालही त्याचीच, आणि त्या ओळीला चाल पाण्यासारखीच खाली उतरत जायची. मी सरांना विचारलं, गिटार मी वाजवू का? सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी माझ्या ओढणीकडे बघितलं. तोवर कॉलेजला कळलेलं होतं.

"हे बघ," ते मऊ आवाजात म्हणाले, "गिटारला डाव्या हाताची सगळी बोटं लागतात. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तू कोरसमध्येच उभी राहा, हातात खुळखुळा घे. आपण पेटीवर भागवू."

खुळखुळा! मला राग आला तो त्या मऊपणाचा. रागावले असते तर मी गप्प बसले असते. पण इंदापूर म्हणजे माझ्या बावड्याचं तालुक्याचं गाव. तिथं आई येणार, मावशा येणार, आणि मी त्या सगळ्यांसमोर हात झाकून खुळखुळा वाजवणार. मी सरांना म्हणाले, पंधरा दिवस द्या. त्यांनी दिले, बहुतेक माझी समजूत काढायला.

संध्याकाळी तात्यांनी गिटार खाली काढली. आत लसणाची सालं होती. सहावी, सगळ्यांत जाड तार कधीची तुटलेली होती आणि तिच्या जागी तात्यांनी मोटारसायकलच्या क्लच वायरचा एक पदर ओढून बसवला होता. तो वाजला की गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा वाटायचा. तात्यांच्या मते आवाज भारदस्त होता.

गाण्याला कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुड्या, मोजक्याच होत्या. सी कॉर्ड मी करंगळीवर जमवली. तुटक्या बोटाचं काम करंगळीनं करायचं, पहिल्या दोन बोटांनी आपापलं. ए मायनरची एक सोपी तऱ्हा दोन बोटांत बसायची, तीही जमली. अडलं ते मधल्या जी कॉर्डला. सीवरून जीवर जायचं म्हणजे करंगळीनं पाचव्या तारेवरून उडून पहिल्या तारेवर पडायचं, मधल्या बोटानं चौथ्यावरून सहाव्यावर, आणि पहिल्या बोटानं दुसऱ्यावरून पाचव्यावर. ज्याला चार बोटं आहेत त्याचं एखादं तरी बोट जवळपास असतं. माझी तिन्ही एकदम उडायची आणि तिन्ही वेगवेगळ्या गावाला उतरायची. तोवर गाणं पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. आठवडा गेला. बोटांची टोकं सोलली. काकी रोज हळद लावायच्या आणि तात्यांना बोलायच्या.

"पोरीचा हात मोडशीला."

"मोडल्याबिगर कलम धरत न्हाय," तात्या म्हणायचे, पण आवाजात दम नव्हता. त्यांना स्वतःला जी कॉर्ड धड येत नव्हती, हे मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. आयुष्यभर ते एका वेळी एकच तार छेडत आले होते.

एका दुपारी मी हरले. गिटार बाजेवर ठेवली आणि म्हणाले, "तात्या, मी खुळखुळाच घेते."

ते खुंट छाटत होते. उठून आले आणि बाजेवर पसरलेल्या कागदांत डोकं घातलं. पुण्याला गेलेल्या त्या मुलानं जाताना मला कॉर्डच्या तक्त्यांची झेरॉक्स दिली होती. तात्यांना इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखता यायची. वाचायला सुरुवात अर्थातच शेवटच्या पानाच्या तळातून.

"ह्ये काय हाय? जी, मग तिरपी रेघ, मग बी."

"ते सोडा. जी नाहीतर बी, असं असेल." कॉमर्सची विद्यार्थिनी मी, फॉर्मवर तिरपी रेघ दिसली की दोन्हींपैकी एक खोडायचं, एवढंच मला ठाऊक.

तात्या रेघेकडे बघत राहिले. मग टोपीतला चाकू काढला, हातातल्या खुंटावर एक काप घेतला आणि तो खुंट त्या कागदावर, बरोबर रेघेशेजारी आडवा ठेवला. दोन्ही तिरक्या रेघा एकसारख्या दिसत होत्या.

"अगं येडे," ते म्हणाले. "ह्यो काप हाय. वर जी, खाली खुंट बीचा. कलम हाय ह्ये!"

आणि तसंच होतं. खाली तक्ता काढलेला होता. मी बघितला आणि परत बघितला, कारण एवढं सोपं असेल यावर माझा विश्वास बसेना. पूर्ण जी कॉर्डचा सगळ्यांत खालचा सूर सहाव्या तारेवर असतो, त्यासाठीच सगळी उडाउड. इथं सहावी तार लागतच नव्हती. वरचे सूर तेच, पण त्यांच्या खाली बसायचा तो बीचा सूर, पाचव्या तारेवर, दांडीवरच्या दुसऱ्या घरात. मधल्या तिन्ही तारा मोकळ्या सोडायच्या. तक्त्यात पहिल्या तारेवरही एक बोट होतं, पण ती तार छेडलीच नाही तर त्या बोटाचीही गरज नव्हती. सी वाजवताना माझं मधलं बोट चौथ्या तारेवर त्याच घरात असायचंच. त्यानं फक्त शेजारच्या तारेवर सरकायचं. एक बोट, आणि तेही एक पाऊल.

मी सी वाजवली. मधलं बोट सरकवलं, बाकीची उचलली आणि मधल्या चार तारा छेडल्या. मग ए मायनर.

खालचा सूर उतरला. उडी नाही, धडपड नाही. सा, नी, ध. जिन्यावरून कुणीतरी शांतपणे एक एक पायरी उतरावं तसा. पूर्ण जी घेऊन त्या मुलानं वाजवलेलं मी ऐकलं होतं. तो सीवरून जीवर जायचा तेव्हा खालचा सूर धपकन विहिरीत पडायचा. हे त्याच्याहून चांगलं होतं. लंगडं म्हणून चालवून घेतलेलं नव्हतं, चांगलं होतं. मी रडायला लागले आणि रडता रडता परत वाजवलं.

"भजनात म्या ह्येच करत हुतो," तात्या बाजेच्या पायाशी बसून म्हणाले. "आबास्नी सांगतो आता. छापल्यालं हाय म्हनावं."

ते खरोखर संध्याकाळी झेरॉक्स घेऊन आबांकडे गेले. आबा चष्मा लावून बराच वेळ कागद बघत बसले आणि म्हणाले, हे इंग्रजी आहे, भजनाला चालणार नाही.

एक कटकट उरली. घाईत वाजवताना माझा उजवा हात सहाव्या तारेला लागायचा आणि ती क्लच वायर मध्येच घों करून उठायची. सगळा जिना कोसळायचा. तात्यांनी दोन दिवस ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुंटी सैल केली, ती तार सोडवली, गुंडाळून खिशात टाकली.

"तात्या! आता पूर्ण जी कधीच वाजणार नाही."

"खुंटाच्या बुडातनं आल्याली फूट ठिवली तर वरचं मरतं. खुडावीच लागती." मग म्हणाले, "मला बी त्यो आवाज आवडत न्हवता."

चुकलो या शब्दाच्या इतक्या जवळ ते गेलेले मी त्या एकदाच पाहिले.

पंधराव्या दिवशी मी सरांसमोर बसले. सगळं मंडळ भोवती. मी ओढणी काढून बाकावर ठेवली, कारण ती तारांत अडकायची. सर आधी गिटारकडे बघत राहिले.

"अगं, हिला एक तार कमी आहे."

"मला एक पेर कमी आहे, सर. आमचं जमतं."

कुणी हसलं नाही. मी सुरू केलं. पाण्याच्या ओळीला जिना उतरला, तसे गाणारे सगळे आपोआप त्या जिन्यावरून उतरले. कडवं संपलं. सरांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "परत घ्या. पेटी नको." नंतर त्यांनी तो सूर कुठून आणलास म्हणून विचारलं. मी सांगितलं, आंब्याच्या नर्सरीतून. त्यांना वाटलं मी उर्मटपणा करतेय.

इंदापूरला आम्ही सकाळीच गेलो. तात्या आणि काकी दुपारच्या एसटीनं आले. या वेळी पाटी काकींनी वाचली. बावड्याहून आई, वडील आणि दोन मावशा. हॉल भरलेला, गर्दी खिडक्यांवर चढलेली. आईनं मला स्टेजमागं गाठलं. तिला कळलं होतं मी काय वाजवणार ते, आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

"उजेड लई हाय गं तितं," ती म्हणाली. तिनं स्वतःच्या पिशवीतून एक शाल काढली. "ही घे की खांद्यावर. डाव्या बाजूनं सोड जरा."

"आई, शाल घेतली तर वाजवता येणार नाही."

तिनं शाल घडी करून परत पिशवीत ठेवली आणि आपल्या खुर्चीकडे गेली.

स्टेजवर दिवा बरोबर माझ्या डाव्या हातावर होता. गिटारच्या दांडीवर तो हात पालथा-उताणा काहीही केला तरी लपत नाही, हे मला तिथं बसल्यावर कळलं. पुढच्या रांगेतून कुजबुज आली. कुणीतरी कुणाला तरी दाखवलं. माझे कान तापले. मग गाणं सुरू झालं आणि मला कुजबुजीला वेळ उरला नाही.

पाण्याची ओळ आली. सी. मधलं बोट सरकलं. खालचा सूर एक पायरी उतरला, मग आणखी एक, आणि आख्खा कोरस त्याच्यावर पाय ठेवून खाली आला. एका सुरावरही काही अडलं नाही. हॉल असा गप्प झाला की पंखे ऐकू यायला लागले.

आणि त्या शांततेत, मागच्या दाराजवळून, तात्या ओरडले.

"धरलं!"

सगळ्यांनी माना वळवल्या. खिडकीतली पोरं फिदीफिदी हसली. सरांनी कपाळावर हात मारला. हॉलमध्ये कुणालाच कळलं नाही की म्हाताऱ्याला काय धरायचं होतं. मला कळलं. मला हसू आणि हुंदका एकदम आला, पण बोटं थांबली नाहीत. पुढच्या कडव्याला तो जिना मी असा उतरले, की जणू घर माझंच होतं.

आमचा नंबर दुसरा आला. पहिला ज्यांचा आला त्यांच्याकडे ढोलकी, बासरी, सगळं होतं. तात्यांचं म्हणणं, परीक्षकांना खालचं ऐकूच येत नाही. ते गर्दीत माझ्याजवळ आले, नेहमीप्रमाणे आधी माझ्या चपलांकडे बघितलं, आणि मग सावकाश मान वर करून चेहऱ्याकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. "वरनं बी बरी दिसतीस," ते म्हणाले आणि स्टँडकडे निघाले.

आईजवळ काय झालं ते मला काकींनी सांगितलं, त्या तिच्या शेजारीच बसल्या होत्या. टाळ्या चाललेल्या असताना पुढच्या खुर्चीवरची एक बाई वळून आईला म्हणाली, तुमची लेक कंची हो त्यांच्यातली? आईला म्हणता आलं असतं, गिटारवाली. गिटार एकच होती. आई उठून उभी राहिली आणि चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ती. डाव्या हाताचं एक बोट तुटकं हाय बघा, ती."

मग ती गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं माझा डावा हात धरला. बावड्याची गाडी लागेपर्यंत तिनं तो सोडला नाही, आणि झाकलाही नाही.